उसना पत्ता

रामगोंडा मगदूमांच्या संगणकात पाल मेली आणि तिच्याबरोबर घरातलं इंटरनेटही गेलं. या दोन्हींत जास्त वाईट काय झालं, यावर त्या घरात एकमत नव्हतं. रामगोंडांना इंटरनेटचं दुःख होतं. त्यांच्या पत्नी राजमतीबाई पालीसाठी हळहळत होत्या. जैनाच्या घरात, भरदिवसा, एका पत्र्याच्या पेटीत जीव गेला, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्यांनी त्या दिवशी एक वेळचं जेवण सोडलं आणि रामगोंडांनाही सोडायला लावलं. खरं तर ती पाल तिथं मुक्कामाला आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. रामगोंडा तिला हुसकायला निघाले की बाई म्हणायच्या, "राहू दे की. ती तुमच्या ताटातलं काय खाते?" तर ती गेली ती नेटवर्क कार्ड घेऊनच गेली. नेटवर्क कार्ड म्हणजे इंटरनेटची तार जिथं खुपसतात ती पंज्याएवढी पट्टी. हे रामगोंडांनाही त्या दिवशीच कळलं.

दुसरा कुठला आठवडा असता तर हे दुःख त्यांनी पचवलं असतं. पण येत्या रविवारी राजमतीबाईंची परीक्षा होती. स्वाध्याय मंडळाची, धर्माची, तोंडी आणि ऑनलाइन. बाईंची शाळा सातवीत सुटली. त्यानंतर सगळी हयात दुसऱ्यांच्या परीक्षांना डबे करण्यात आणि दुसऱ्यांच्या निकालाचे पेढे वाटण्यात गेली. स्वतःच्या नावाची परीक्षा त्यानंतर ही पहिलीच. वर्षभर त्या पहाटे उठून पाठांतर करत होत्या. मंडळाचे नियम कडक होते. मोबाईल चालणार नाही, संगणकासमोरच बसायचं, दोन्ही हात परीक्षकांना दिसले पाहिजेत, आणि उमेदवार पाव तास पडद्यावरून गायब झाला तर थेट पुढच्या वर्षी. हे 'पुढच्या वर्षी' ऐकल्यावर बाई नुसत्या पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. हात कोरडेच होते. ते रामगोंडांना बघवलं नाही.

"तू अभ्यास कर," ते म्हणाले. "इंटरनेट माझ्याकडं लागलं."

हे त्यांनी इतकं खणखणीत म्हणायला एक कारण होतं. त्यांचा मुलगा, नाव अतिशय, बंगळुरात संगणकाच्याच कंपनीत आहे. गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्यानं वडिलांच्या संगणकातलं विंडोज काढून लिनक्स घातलं. पडद्यावर त्याची खूण म्हणून एक पेंग्विन आला. त्या दिवसापासून रामगोंडांच्या चालण्यात फरक पडला. "आमच्याकडं विंडोज नाही," असं ते भाजी घेतानासुद्धा सांगायचे, आणि भाजीवाली बिचारी बरं म्हणायची. एवढ्यावर न थांबता त्यांनी वरच्या मजल्यावरचे सुभेदार केरबा माने आणि समोरचे हळदीचे अडते शंभूराज थोरात यांच्याही संगणकांत अतिशयकडून पेंग्विन घालून घेतला. इमारतीचं नाव 'अनेकांत'. एका गोष्टीकडं अनेक बाजूंनी पाहावं, असा त्याचा अर्थ. बांधणाऱ्यानं ते नाव भक्तीनं दिलं होतं, आणि राहणाऱ्यांनी ते फारच मनावर घेतलं होतं.

गणपती पेठेतल्या दुरुस्तीवाल्यानं नवं कार्ड बसवलं, त्यावरचा लुकलुकणारा हिरवा दिवा दाखवला आणि तो निघून गेला. दिवा लुकलुकत राहिला. इंटरनेट काही आलं नाही. तेव्हा रामगोंडा इस्त्रीचा शर्ट घालून केबलच्या ऑफिसात गेले. तिथं काउंटरवर रेश्मा नावाची मुलगी बसली होती.

"कार्ड बदललं ना काका? मग पत्ता बदलला," ती म्हणाली. "आमच्याकडं जुन्या कार्डाचा पत्ता नोंदवलाय. नवीन पत्त्याला आमची लाईन आत घेत नाही."

"मग नवीन नोंदवा."

"कनेक्शन अतिशय मगदूम यांच्या नावावर आहे. त्यांनी स्वतः यायला पाहिजे."

"तो बंगळुरात असतो."

"मग त्यांच्या मोबाईलवर ओटीपी येईल, तो सांगा."

तो मोबाईल नंबर अतिशयच्या कॉलेजातला. केव्हाच बंद झालेला.

"मग नंबर बदलायचा अर्ज द्या," रेश्मा म्हणाली, "आणि त्यासाठी त्यांनी स्वतः यायला पाहिजे."

"मालक कुठं आहेत?"

"साहेब तासगावला लाईन टाकायला गेलेत. उद्या या."

रामगोंडा तिच्याकडं बघतच राहिले. ते स्वतः पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. इतक्या शांतपणे, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, आवाज न चढवता 'उद्या या' म्हणायला शिकण्यात त्यांची निम्मी नोकरी खर्ची पडली होती. ही मुलगी पंचविशीतच तिथं पोचली होती. राग यायच्या आधी त्यांच्या मनात थोडं कौतुकच आलं. राग नंतर रिक्षात आला, आणि घरापर्यंत पुरला.

घरी येऊन त्यांनी अतिशयला फोन लावला. मुलापुढं अडाणी ठरायचं नाही हे आधीच ठरवलेलं, म्हणून म्हणाले, "मला फक्त तत्त्व सांग. तपशील मी बघतो."

"बाबा, आपल्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं ना, तसं प्रत्येक कार्डावर कारखान्यातच एक पत्ता घातलेला असतो. बारा अंक-अक्षरांचा, दोन-दोनच्या जोड्या. तो खोडता येत नाही. पण त्याच्यावर वरून दुसऱ्या पत्त्याची चिठ्ठी चिकटवता येते. लिनक्सवर तीन ओळींचं काम आहे. आधी कार्ड खाली पाडायचं, म्हणजे बंद करायचं, मग पत्ता द्यायचा, मग कार्ड उभं करायचं. ओळी मी पाठवतो. फक्त पत्ता देताना..."

"समजलं," म्हणून रामगोंडांनी फोन ठेवला. पत्ता देताना काय, ते बंगळुरातच राहिलं.

आता पत्ता बदलायचा म्हणजे नवा कुठला द्यायचा? ही बातमी एव्हाना समोर पोचली होती. शंभूराज थोरात पानाचा डबा घेऊन येऊन बसले. हळदीच्या सौद्यात उभं आयुष्य गेलेला माणूस. आकडा म्हटला की त्यांना मत असतंच.

"अण्णा, नव्या कामाची सुरुवात आहे. पहिला आकडा एक्कावन्न घाला."

"का?"

"अहेराला आपण पन्नास देतो का? वर एक ठेवतोच ना? शून्यावर काही थांबवू नये."

रामगोंडांना हे पटलं. त्यांनी संगणकाला हुकूम लिहायची काळी खिडकी उघडली आणि पाठवलेली ओळ अक्षर-अक्षर बघून उतरवली. संगणकानं पासवर्ड विचारला. त्यांनी टाइप केला, पण पडद्यावर काहीच उमटेना. त्यांनी कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून शेवेचे चार तुकडे पडले, पण अक्षर पडेना. पुन्हा बंगळूर.

"बाबा, पासवर्डाची अक्षरं दिसत नाहीत. पण पोचतात."

"माझ्या बोलण्यासारखंच की मग," राजमतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

पासवर्ड पोचला. कार्ड खाली पडलं. रामगोंडांनी एक्कावन्नपासून सुरू होणारा, शंभूराजांनी सुचवलेला, सगळ्या बाजूंनी शुभ असा पत्ता टाकला. संगणकानं तो साफ नाकारला. मागितलेला पत्ता देता येणार नाही, एवढंच म्हणाला. मग त्यांनी एकवीस घालून पाहिला, एकसष्ट घालून पाहिला, अकराही घालून पाहिला. प्रत्येक शुभ आकड्याला नकार. शंभूराजांनी पानाचा डबा मिटला. "यंत्रात दोष आहे," असा निर्णय देऊन ते जेवायला गेले.

आता तिसऱ्यांदा फोन करणं म्हणजे मान खाली घालणं होतं. रामगोंडांनी तीही घातली.

"पहिली जोडी विषम ठेवलीत का?" अतिशयनं विचारलं.

"शुभ म्हणून ठेवली."

"बाबा, तिथं विषम आकडा आला की तो पत्ता एका घराचा राहत नाही. गावजेवणाच्या आवतणासारखा सगळ्यांना उद्देशून होतो. म्हणून कार्ड तो घेत नाही. आणि शुभ-अशुभ राहू दे, आपल्याला जुन्या, जळलेल्या कार्डाचाच पत्ता द्यायचाय. केबलवाल्याचं मशीन वरची चिठ्ठी वाचतं, भांडं उलटून बघत नाही. मी मघाशी तेच सांगत होतो."

जळलेलं कार्ड बाईंनी पालीच्या आठवणीनं कागदात गुंडाळून ठेवलं होतं. त्यावरची अक्षरं मुंगीएवढी, आणि निम्मी काळवंडलेली. रामगोंडांचा चष्मा तिथं चालेना. तेव्हा वरून सुभेदार केरबा माने यांना बोलावलं. औंधाकडचा माणूस, सबंध नोकरी सीमेवर. नजर अजून घारीची.

"आवं आण्णा, त्यात काय हाय? तुमी लिवा, मी बोलतू," केरबांनी कार्ड उजेडात धरलं. "शून्य, शून्य, एक, चार्ली..."

रामगोंडांनी 'चार्ली' लिहिलं. स्पेलिंग बरोबर लिहिलं. संगणकानं नाकारलं.

"आवं चार्ली म्हंजी सी! फौजेत आसंच बोलत्यात. वायरलेसवर सी म्हणलं का डी म्हणलं, कळत न्हाई. त्यासाठनं चार्ली."

"पण आपण एकाच खोलीत आहोत की सुभेदार."

"डिशिप्लिन म्हंजी डिशिप्लिन," केरबा म्हणाले.

अशा रीतीनं शून्य-शून्यपासून सुरू होणारा, शंभूराजांच्या मते अगदी अभद्र असा पत्ता संगणकात गेला. कार्ड उभं राहिलं. रामगोंडांनी डोळे मिटून मंडळाचं पान उघडलं. आणि ते उघडलं! केरबांनी उभ्यानं सलाम ठोकला. बाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या आणि पडद्यावरचं स्वतःचं नाव दोनदा वाचून गेल्या. रामगोंडांना निवृत्तीच्या समारंभातही इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, आली, आणि संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा इंटरनेट नव्हतं. चिठ्ठीच ती, भांडं धुतलं की निघून जाते. अतिशयनं कायमची चिकटवायचीही रीत सांगितली असती, पण रामगोंडांना चौथा फोन करायचा नव्हता. त्यांनी तो पत्ता पाठच केला. रोज आंघोळीनंतर ते संगणकासमोर बसत आणि शून्य-शून्य-एक-चार्ली असं पुटपुटत चिठ्ठी डकवत. शेजारी बाईंचं पाठांतर चालू असे. घरात इतका अभ्यास अतिशयच्या दहावीलाही झाला नव्हता.

एकदा बाई मध्येच थांबल्या. "अहो, हे चोरीत येतं का?"

"चोरी कसली? कार्ड आपलं, तार आपली, कनेक्शन आपल्या मुलाचं."

"हं," बाई म्हणाल्या.

हा 'हं' रामगोंडांना लग्न झाल्यापासून ओळखीचा होता. तो वाद घालत नाही, आणि जातही नाही.

इथवर सगळं ठीक होतं. इथं थांबते तर ही गोष्ट सांगायलाही कुणी बसलं नसतं. पण रामगोंडा आता इमारतीतले जाणकार झाले होते, आणि जाणकाराला सल्ला दिल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. दोन दिवसांनी जिन्यात केरबा भेटले.

"आमचं नेट लय रडतंय गड्या. विश्वजीत आठवड्यातनं येकदा फोन करतोय, आईतवारी. त्यो तिकडं बर्फात, हितं त्येचं त्वांडच दिसंना. मनुबाई नुस्ती पडद्याला हात लावून बसतीया."

विश्वजीत हा केरबांचा मुलगा, बापासारखाच फौजेत. मनुबाई त्याची आई. रामगोंडांना वाईट वाटलं. त्यांच्या कनेक्शनचा वेग इमारतीत सगळ्यांत जास्त होता, कारण अतिशयनं घरून काम करायच्या दिवसांत तो मोठा करून घेतला होता. केबलवाला सगळ्यांचा एकच, आणि तो वेग द्यायचा तो पत्ता बघूनच. आणि त्या क्षणी त्यांना विरजण आठवलं. अनेकांतमधलं सगळं दही राजमतीबाईंच्या विरजणाचं. कुणीही वाटी घेऊन येतं, चमचाभर घेऊन जातं. दिल्यानं यांचं काही कमी होत नाही, आणि घेणाऱ्याची कढी होते. मग पत्त्याचं तरी वेगळं काय?

"सुभेदार, माझाच पत्ता घ्या की," ते म्हणाले. "दिल्यानं संपतोय होय?"

ते स्वतः वर गेले आणि केरबांच्या संगणकाला आपला पत्ता लावून आले. मग शंभूराजांना कसं वगळायचं? समोरासमोर दारं. त्यांनाही लावून दिला. दोघांची इंटरनेटं धावायला लागली. "लय पळतंय!" केरबा वरून ओरडून सांगत. शंभूराजांनी तर शून्याबद्दलचं मतही मागं घेतलं. केरबा पहाटे लावायचे, रामगोंडा आंघोळीनंतर, शंभूराज बाजारातून आल्यावर संध्याकाळी. तिघं एका वेळी कधी बसलेच नाहीत, म्हणून उरलेले दिवस गुण्यागोविंदानं गेले.

मग रविवार आला. बाईंनी पांढरं पातळ नेसून, देवदर्शन करून, खुर्चीत जागा घेतली आणि दोन्ही हात टेबलावर दिसतील असे ठेवले. पडद्यावर बेळगावचे वयस्क पंडितजी आले. पहिला प्रश्न अहिंसेवर. बाईंनी सुरुवात केली, पंडितजींनी मान हलवली, आणि ती मान तिरकी झाली तिथंच राहिली. पडदा गोठला. मग तोही गेला.

रामगोंडांनी तार काढून घातली. चिठ्ठी पुन्हा चिकटवली. इंटरनेट आलं, अर्धं मिनिट टिकलं, गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. बाई हलल्या नाहीत. हात टेबलावर तसेच होते, फक्त बोटं पांढरी पडली होती. वर्षभराच्या पहाटा रामगोंडांच्या डोळ्यांपुढून गेल्या. मान, अपमान सगळं विसरून त्यांनी बंगळुरला फोन लावला.

"बाबा," अतिशयनं विचारलं, "तो पत्ता आणखी कुणाला दिलात का?"

"नाही," रामगोंडा म्हणाले. मग म्हणाले, "दोघांनाच."

"बाबा, एकाच गल्लीत तीन घरांवर एकच नाव आणि एकच नंबर असला तर पोस्टमन काय करेल? जो शेवटचा हाक मारेल त्याच्या दारात टाकेल. तिघंही एकदम हाका मारताय. आता कुणालाच काही मिळणार नाही."

रामगोंडा जिन्यानं धावले. वर केरबा आणि मनुबाई विश्वजीतच्या फोनची वाट बघत पडद्यासमोर बसलेले. शंभूराजांच्या घरी बैलगाडा शर्यत लागलेली आणि ऐन घाटातच बैल थिजलेले. रामगोंडांनी धापा टाकत सगळं सांगितलं.

"मग आमी बंद करतू की!" केरबा उठले. "वैनींची परीक्षा म्हंजी काय चेष्टा हाय?"

मनुबाईंनी मात्र पडद्यावरचा हात काढला नाही. रामगोंडांना ते बघवेना. खाली येऊन त्यांनी विचार केला, पोराचा फोन दोन मिनिटांचा, आधी तो होऊ दे. आणि स्वतःची तार काढली. शंभूराजांनी शर्यतीवर पाणी सोडून आपली काढली. केरबांनी काढलीच होती. अशी थोडा वेळ तिन्ही घरं शेजारधर्म म्हणून अंधारात बसली. मग प्रत्येकाला वाटलं की आता दुसऱ्याचं झालं असेल, आणि तिघांनी एकदम तारा लावल्या.

शेवटी केरबांनीच हुकूम काढला. त्यांनी स्वतःची आणि शंभूराजांची, दोन्ही तारा उपटून खांद्यावर टाकल्या आणि सगळ्यांना घेऊन मगदूमांच्या दिवाणखान्यात आले. "विश्वजीतला मेसेज टाकलाय, तासाभरानं कर म्हणून. आता हितं कुणी हलायचं न्हाई." पाव तास सरायच्या आत बाईंच्या पडद्यावर पंडितजींची मान सरळ झाली. सगळ्यांनी श्वास सोडला.

बाईंची उत्तरं सुरू झाली आणि खोलीत कुणाला आपलं अंग आहे याचंही भान राहिलं नाही. रामगोंडा हे पाठांतर रोज ऐकत होते, पण भांड्यांच्या आवाजात. असं सलग, निर्मळ, न अडखळता त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. इतक्यात दारात पावलं वाजली. केबलचा मालक दिग्विजय हेल्मेट हातात घेऊन उभा होता. मघाशी शर्यत अडली तेव्हा शंभूराजांनीच रागारागानं तक्रार केली होती. केरबांनी त्याला बोटानं गप्प केलं आणि खुर्ची दाखवली.

"आता अचौर्य," पंडितजी म्हणाले. चोरी न करण्याचं व्रत. "त्यातले दोष सांगा."

बाईंनी सांगितले. चोराला उत्तेजन देणं, चोरीचा माल घेणं, राज्याचा नियम मोडणं, खोटी मापं वापरणं, आणि पाचवा प्रतिरूपक व्यवहार.

"प्रतिरूपक म्हणजे?"

"खऱ्यासारखं दिसणारं खोटं, खरं म्हणून चालवणं."

"उदाहरण द्या. हळदीत भेसळ, दुधात पाणी हे नको. ते सगळेच सांगतात."

हळद म्हटल्यावर शंभूराज उगाचच ताठ बसले. पंडितजी पुढं म्हणाले, "स्वतःच्या घरातलं सांगा."

रामगोंडांच्या लक्षात आलं, की बाईंना उत्तर येतंय आणि म्हणूनच त्या अडल्यात. त्यांनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं, दारापाशी बसलेल्या दिग्विजयकडं पाहिलं, आणि पुन्हा पडद्याकडं वळल्या.

"आमच्या घरातलं एक यंत्र जळालं," त्या म्हणाल्या. "नवं आणलं. त्याला त्याचा स्वतःचा पत्ता होता. आमच्या घरच्यांनी त्याच्यावर मेलेल्याचा पत्ता चिकटवला, म्हणजे केबलवाल्याला वाटावं की हे जुनंच आहे. मग तोच पत्ता शेजारी दोघांना दिला, विरजण दिल्यासारखा. मन वाईट नव्हतं. पहिलं माझ्या परीक्षेसाठी केलं, दुसरं शेजाऱ्याच्या मुलाचं तोंड दिसावं म्हणून. पण खोटं ते खोटंच."

"मग दोष कुणाला?"

"करणाऱ्याला. आणि ते कळूनही मान डोलावणाऱ्याला. मी मान डोलावली, पंडितजी. आत्ता बोलतेय तीही त्याच तारेवरून."

पडद्यावर पंडितजींची मान पुन्हा तिरकी झाली. इंटरनेट पुन्हा गेलं असं वाटून केरबा उठायला लागले. पण पंडितजी चष्मा पुसत होते.

"इतकी वर्षं हा प्रश्न विचारतोय," ते म्हणाले. "दूधवाल्याला सोडून स्वतःच्या घराकडं बोट दाखवणाऱ्या तुम्ही पहिल्या. आज तो खरा पत्ता लावा. तुम्ही उत्तीर्ण आहात, बाई."

रामगोंडांना कुठं बघावं कळेना. केबलवाल्यासमोर, शेजाऱ्यांसमोर, थेट बेळगावपर्यंत त्यांची चोरी जाहीर झाली होती. आणि तरी त्यांना इतका अभिमान वाटत होता, की लाज कुठं संपते आणि अभिमान कुठं सुरू होतो हे त्यांचं त्यांनाच लागेना. ते नुसते उठले आणि बाईंना पाणी आणून दिलं.

"काकी, अभिनंदन," दिग्विजय म्हणाला. मग मोबाईल काढला. "काका, तो खरा पत्ता सांगा."

रामगोंडांनी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. चिठ्ठी निघून गेली. कारखान्यातलं नाव पडद्यावर आलं, ते त्यांनी वाचून दाखवलं. दिग्विजयनं मोबाईलवर चार वेळा बोट फिरवलं आणि हिरवा दिवा लुकलुकत असताना मंडळाचं पान आपोआप उघडलं.

"एवढंच होतं?" रामगोंडांनी विचारलं. "मग तुमच्या रेश्मानं मला परत का पाठवलं?"

"मीच तिला सांगून ठेवलंय. नाहीतर कोणपण येऊन कुणाचंपण कनेक्शन घेऊन जाईल."

यावर रामगोंडा, केरबा आणि शंभूराज तिघांनीही फरशीकडं पाहिलं. फरशी स्वच्छ होती.

दुपारी वरच्या मजल्यावर विश्वजीतचा फोन आला. केरबांचा स्वतःचा पत्ता, स्वतःचं रडकं कनेक्शन. चेहरा तुकड्यातुकड्यांनी आला, आवाज आधी आणि ओठ मागाहून. पण मनुबाईंच्या हसण्याचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. दिग्विजयनं पुढच्या आठवड्यात त्यांची तार बदलून द्यायचं कबूल केलं होतं.

संध्याकाळी मनुबाई विरजणाला वाटी घेऊन खाली आल्या. दार रामगोंडांनी उघडलं. वाटी घेऊन ते आत निघाले आणि सवयीनं त्यांची नजर तिच्या काठावर गेली. त्यावर कोरलं होतं : रा. रा. मगदूम. कितीतरी वर्षांपूर्वी वर गेलेली आणि परत न आलेली त्यांचीच वाटी.

"आवं, तुमचीच हाय ती," मनुबाई ओशाळून म्हणाल्या. "द्याची द्याची म्हणती आन् ऱ्हातीया."

रामगोंडांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. "अगं, हे चालतं का?" त्यांनी विचारलं. एका दिवसात त्यांचा धीर पुष्कळ कमी झाला होता.

राजमतीबाई बाहेर आल्या. त्यांनी वाटीवरचं नाव वाचलं आणि काठोकाठ दही भरलं.

"चालतं," त्या म्हणाल्या. "नाव आमचं आहे, हे त्यांनी आधीच सांगितलंय."